मुरवलेल्या माशाचा इतिहास: बुधवारची रात्र, सुरमईच्या दोन तुकड्या आणि नऊशे वर्षे

आजचा धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. मागील महिन्यात मिरचीच्या आगमनावर लिहिलेल्या धाग्याखाली एका वाचकाने मार्मिक प्रश्न विचारला होता: मिरची पोर्तुगीजांनी आणली, व्हिनेगरही त्यांनीच आणले, मग माशाला लावायचा आपला मसाला आपला उरतो तरी किती? त्या वेळी मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले. परंतु उत्तर माझे मलाच पटले नव्हते. त्यामुळे आज सविस्तर लिहिते आहे.

या विषयाला एक वैयक्तिक धारही आहे, ती लपवत नाही. पुण्यात एम.ए.ला प्रवेश घेतल्यावर मला मिळालेली पहिली खोली माशामुळे गेली. घरमालकीणबाईंची अट होती, 'अंडी चालतील, मासे नकोत. जिन्यात वास येतो.' मी ती अट मान्य केली, पाच महिने पाळली आणि एका बुधवारी मोडली. दोन तुकड्या सुरमई, लहानसा तवा, खिडकी उघडी. आठवड्याभरात दुसरी खोली शोधावी लागली. सामान बांधताना डोक्यात घोळत होता तो अपमान नव्हे, तर एक प्रश्न होता: माशाचा 'वास' ही गोष्ट इतिहासात कोणी, केव्हा आणि कोणाविरुद्ध वापरली आहे? तिकडे पुढे येईनच.

आधी शब्दाकडे पाहू. 'मॅरिनेट' हा शब्द आज आपल्या तोंडी सहज बसला आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील समुद्रवाचक 'मारे' या शब्दात आहे. समुद्राचे पाणी, म्हणजे खारवणी, यात पदार्थ बुडवून ठेवणे हा त्याचा आरंभीचा अर्थ. मराठीत आपण 'मुरवणे' म्हणतो किंवा अगदी साधेपणाने 'लावून ठेवणे' म्हणतो. लोणचे मुरते, मोरांबा मुरतो, माणूसही एखाद्या धंद्यात मुरतो. इंग्रजी शब्दात समुद्र आहे, तर मराठी शब्दात वेळ आहे. दोन्ही गोष्टी या विषयाच्या गाभ्याशी आहेत, कारण मासा टिकवायचा तर मीठ हवे आणि मिठाला काम करायला वेळ हवा.

मासा टिकवण्याची धडपड किती जुनी आहे याचा एक पुरावा हडप्पा येथे सापडतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या नगरात सागरी माशांची हाडे मिळाली आहेत. ताजा मासा एवढा प्रवास करू शकत नाही. तो वाळवून वा खारवून आणला गेला असणार, असे पुरातत्त्वज्ञांचे अनुमान आहे. म्हणजे सुक्या माशाचा व्यापार चार हजार वर्षांहून जुना ठरतो. बाजारात सोडे-बोंबलाच्या दुकानासमोरून नाक दाबून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. पाच विंशती आणि प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, अशी शंभर अध्यायांची ही रचना आहे. राज्य कसे मिळवावे येथपासून हत्ती, रत्ने, चित्रकला, संगीत, शिकार, स्नान, विडा असे राजाच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक अंग त्यात येते. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी याचे तीन खंड संपादित केले. ग्रंथालयात ते सहसा कोणी मागत नाही. मी मागितले तेव्हा पहिल्या खंडावर धुळीचा थर होता.

या ग्रंथात मासा दोन ठिकाणी भेटतो. 'मत्स्यविनोद' या अध्यायात गळ टाकून मासे पकडण्याच्या राजक्रीडेचे वर्णन आहे. तेथे समुद्रातील व नदीतील मिळून सुमारे ३५ प्रकारचे मासे, त्यांच्या सवयी, कोणाला कोणते आमिष घालावे याची माहिती येते. विसाव्या शतकात प्रख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या अध्यायाचा अभ्यास करून त्यातील निरीक्षणे गांभीर्याने घेण्याजोगी असल्याचे दाखवून दिले. दुसरे ठिकाण म्हणजे 'अन्नभोग' हा अध्याय. राजाने काय खावे, कसे शिजवावे हे सांगताना सोमेश्वर माशाची कृती देतो.

कृती साधारण अशी आहे. माशाचे तुकडे करून स्वच्छ धुवावेत, चिंचेच्या कोळात शिजवावेत, त्यावर भरपूर गव्हाचे पीठ भुरभुरावे, तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत आणि वरून सैंधव, वेलदोडा व मिऱ्याची पूड घालावी. वाचताना मी थबकले. आंबट, मग पिठाचे आवरण, मग तेल, मग तिखट. क्रमात फरक आहे, पण आपल्या घरच्या तव्यावर होते त्याची हीच हाडे आहेत. रव्याऐवजी गव्हाचे पीठ, आगळाऐवजी चिंच, मिरचीऐवजी मिरी.

अर्थात उत्साहाला आवर घातला पाहिजे. काटेकोरपणे पाहिले तर हे 'मुरवणे' नव्हे, कारण मासा आंबटात नुसता ठेवलेला नाही, शिजवलेला आहे. शिवाय ही राजाच्या मुदपाकखान्यातील कृती आहे. किनाऱ्यावरील कोळ्याच्या चुलीवर त्याच काळी काय चालले होते ते या ग्रंथात नाही. 'नऊशे वर्षांपूर्वीही आपण असाच मासा खात होतो' अशी आरोळी ठोकण्याचा मोह होतो, विशेषतः अशा धाग्यांत. मी ती ठोकणार नाही. एवढेच म्हणता येईल की, माशाला आंबट लावावे आणि पीठ लावून तळावे ही कल्पना मिरची येण्यापूर्वी किमान साडेतीन शतके दख्खनच्या एका दरबारात लेखी नोंदली गेली होती. वाचकाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

याच ग्रंथाचा आणखी एक धागा मराठी वाचकाला जवळचा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने संगीताच्या संदर्भात केली आहे. ओवीच्या इतिहासात ती वारंवार दाखवली जाते. गाणे नोंदले गेले. मात्र कांडणाऱ्या त्या हातांनी संध्याकाळी काय रांधले ते नोंदले गेले नाही.

आता आंबटाकडे. मला या सगळ्या विषयात सर्वाधिक रस आंबटातच वाटतो, कारण 'मूळचे कोणाचे' हा प्रश्न येथे पार विस्कटून जातो. सोमेश्वराची चिंच अस्सल देशी, असे आपण गृहीत धरतो. संस्कृतात तिला 'चिञ्चा' हे नाव आहे, गावाच्या वेशीवर चिंचेचे झाड असतेच, अरबांनी तर तिला 'हिंदी खजूर' म्हटले आणि त्या 'तमर-हिंदी'वरूनच युरोपीय भाषांतील नावे आली. प्रत्यक्षात वनस्पतिशास्त्रज्ञ चिंचेचे मूळस्थान उष्णकटिबंधीय आफ्रिका मानतात. ती प्राचीन काळीच येथे पोहोचली आणि इतकी रुजली की जगाने तिला आपल्याच नावाने ओळखले. म्हणजे बाहेरून आले ते परके, असा नियम लावायचा तर सोमेश्वराचा मासाही परकाच म्हणावा लागेल!

कोकम मात्र खरोखरच पश्चिम घाटाचे. फळाला आपण रातांबा म्हणतो, गोव्यात भिरंड. वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल, आणि रसात मीठ घालून ठेवलेले ते आगळ. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. भारतातील वनस्पती व औषधी यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात 'ब्रिंदाँव' नावाच्या आंबट फळाचा उल्लेख येतो. भिरंड या शब्दाचेच ते पोर्तुगीज रूप. या फळाची साल व्हिनेगर करण्यासाठी राखून ठेवतात आणि ती पोर्तुगालपर्यंतही गेली आहे, असे ओर्ता सांगतो.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आपण नेहमी गृहीत धरतो की, पोर्तुगीज आले, व्हिनेगर आणले आणि आपण शिकलो. येथे पोर्तुगीज माणूस कोकणातल्या आमसुलाकडे पाहतो आणि आपल्या देशातल्या व्हिनेगरची उणीव ते भरून काढील असे त्याला वाटते. ज्याला-त्याला आंबट हवे होते. ज्या किनाऱ्यावर जे मिळाले ते वापरले गेले. (ओर्ता मुंबई बेटाचा पट्टेदारही होता. तो जन्माने ज्यू कुटुंबातला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, धर्मन्यायासनाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याच्या चरित्रावर वेगळा धागा व्हायला हवा.)

व्हिनेगरचा स्वतःचा प्रवासही थोडक्यात पाहू. फारसीत 'सिक' म्हणजे सिरका. त्यावरून 'सिकबाज' हे आंबट कालवण, जे दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात मानाचे स्थान मिळवून आहे. तेथे ते मुख्यतः मांसाचे. अरबांबरोबर ते भूमध्य समुद्राकाठी गेले, आयबेरियात त्याचे 'एस्काबेचे' झाले आणि तेथे तळून सिरक्यात मुरवलेला मासा हे त्याचे प्रसिद्ध रूप ठरले. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हॅना ग्लास हिच्या लोकप्रिय पाकपुस्तकात मासा तळून व्हिनेगरमध्ये ठेवण्याची 'ज्यू पद्धत' दिलेली आढळते. एका पदार्थाने इतक्या भाषा आणि धर्म ओलांडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पोर्तुगीजांच्या घरातील 'विन्या द आल्योश', म्हणजे वाइन वा व्हिनेगर आणि लसूण यांत मांस मुरवणे, ही याच कुळातील रीत. गोव्यात द्राक्षांचे व्हिनेगर कोठून आणणार? माडाची सूर होती; तिचे व्हिनेगर होऊ लागले. मिरची आणि देशी मसाले त्यात मिसळले आणि 'विंदालू' जन्मला. त्यात 'आलू'चा काहीएक संबंध नाही, ही गोष्ट हिंदी पट्ट्यातील मित्रांना मी दर वर्षी एकदा तरी सांगते. माशासाठी याच घराण्याचा मसाला म्हणजे 'रेशाद'. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ 'भरलेला'. बांगड्याला पोटापाशी चिरा देऊन लाल वाटण आत भरायचे आणि तव्यावर परतायचे.

आणि आता मिरची. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकले, त्यानंतरच्या काही दशकांत ही अमेरिकन वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर रुजू लागली. प्रसार मात्र एका रात्रीत झाला नाही. ओर्ताच्या १५६३च्या ग्रंथात मिरीवर स्वतंत्र संवाद आहे, मिरचीवर नाही. १५९०च्या दशकातील 'आइन-इ-अकबरी'त मुघल मुदपाकखान्याच्या सामग्रीची तपशीलवार यादी आहे. तिखटपणासाठी तेथे मिरीच आहे. मराठीने या पाहुणीचे नामकरण कसे केले तेही पाहण्यासारखे आहे: संस्कृत 'मरीच', त्यावरून 'मिरी' आणि त्यावरून 'मिरची'. नव्या वस्तूला जुन्या वस्तूच्या खुर्चीत बसवले गेले. मिरी वेलीवर चढते, तिला घाटाचा पाऊस लागतो आणि ती विकत घ्यावी लागते. मिरचीचे रोप परसात येते. गरिबाच्या माशाला तिखट मिळाले ते मिरचीमुळे. आज मालवणी मसाल्यात जाणारी बेडगी आणि संकेश्वरी ही दोन्ही नावे कर्नाटकातील गावांवरून आलेली आहेत, लिस्बनवरून नव्हे.

तेव्हा वाचकाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपला मसाला 'शुद्ध' नाही आणि तो तसा कधीच नव्हता, सोमेश्वराच्या काळीही नाही. पण मिरची आणणारा एक आणि तिला किती, केव्हा, कशाबरोबर लावावे हे ठरवणारे हजारो. पोर्तुगीज हे पहिले होते. दुसऱ्यांची नावे दप्तरात नाहीत.

आता वासाकडे येते.

रसायनशास्त्र प्रथम, कारण ते सोपे आहे. समुद्रातील खारटपणाशी जुळवून घेण्यासाठी सागरी माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन संयुग असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात. आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. आम्ल मिळाले की या द्रव्याचे न उडणारे क्षार होतात आणि वास नाकापर्यंत पोहोचत नाही. आगळ, चिंच, लिंबू, व्हिनेगर या सर्वांचे काम येथे एकच. मीठ पृष्ठभागावरील पाणी ओढून काढते, त्याबरोबर वासाचा काही भागही निघून जातो. हळदीला आपल्याकडे मोठे श्रेय दिले जाते. माझ्या मते ते श्रेय बव्हंशी आंबटाचे आहे. यावर घरोघरी वाद होतील, याची मला कल्पना आहे.

इतिहास गुंतागुंतीचा आहे. १६७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर मुंबईत आला. त्या काळी मुंबई युरोपीयांसाठी मृत्यूचे बेट म्हणून कुप्रसिद्ध होती. का? फ्रायर आणि त्यानंतर १६८९ मध्ये आलेला पाद्री ओव्हिंग्टन या दोघांच्या लेखनात एक कारण ठळक येते: माडाच्या बुंध्याशी खत म्हणून घातली जाणारी मासळी आणि तिची दुर्गंधी. या खताला इंग्रज 'बकशॉ' म्हणत. दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतात हा त्या काळचा सर्वमान्य वैद्यकीय सिद्धान्त होता. पुढे कंपनीने या खतावर बंदी घातली. माड लावणारे आणि मासे धरणारे भंडारी-कोळी यांची शेकडो वर्षांची शेतीपद्धती 'रोगट वास' ठरली.

रोग मात्र हटला नाही. मलेरियाचा परजीवी डासांच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये दाखवले. बेटाबेटांमधील भरतीचे दलदलीचे पाणी, त्यावरचे डास. मासळी बिचारी निर्दोष होती. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे, हा योगायोग नव्हे.

माझ्या पूर्वीच्या घरमालकीणबाई कंपनी सरकार नव्हत्या. ते घर त्यांचे होते आणि अट घालण्याचा त्यांना अधिकार होता. पण 'वास येतो' हे वाक्य उच्चारताना कोणालाच आपण काही सामाजिक विधान करतो आहोत असे वाटत नाही, नाकाची तक्रार तेवढी सांगतो आहोत असे वाटते. फ्रायरलाही तसेच वाटले असणार. हिंग, लसूण, तुपाची फोडणी यांचाही वास जिन्यात येतोच. कोणता वास 'वास' आणि कोणता 'सुगंध' हे नाक एकट्याने ठरवीत नाही.

आता मीठ. मासा मुरवण्याच्या इतिहासात मिठाचे प्रकरण सर्वांत राजकीय आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. मिठाचा कायदा म्हटला की आपल्याला १९३० आणि दांडी आठवते. किनाऱ्यावर खारवणाऱ्या माणसाला तो कर रोज बोचत होता हे आठवत नाही. वरणभाताला चिमूटभर मीठ लागते. मासळी खारवायला माशाच्या वजनाच्या काही अंश मीठ लागते. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. मच्छीमाराच्या दृष्टीने पाहा: समोर समुद्र, मागे खाजण, उन्हाने खडकांच्या खळग्यांत आपोआप धरलेले मीठ, आणि ते उचलणे हा गुन्हा.

फ्रान्सिस डे हा मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य पुढे मत्स्योद्योगाचा अधिकारी झाला. भारतातील मत्स्यशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक. भारत व ब्रह्मदेशाच्या सागरी मत्स्योद्योगावरील त्याचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाग मिठामुळे मच्छीमार मासे पुरेसे खारवू शकत नाहीत, खारट मातीसारखे पर्याय शोधतात आणि माल निकृष्ट होतो, हा मुद्दा त्याने ठामपणे मांडला. त्यानंतर सरकारने किनाऱ्यावर मासे खारवण्याची आवारे उघडली. तेथे कर न लावलेले वा स्वस्त मीठ मिळे, परंतु मासे तेथेच, सरकारी देखरेखीखाली खारवावे लागत. प्रथम मद्रास इलाख्यात आणि पुढे मुंबई इलाख्यातही ही व्यवस्था आली. घराच्या ओसरीवर बायका जे काम करीत, ते कुंपणाच्या आत, पहारेकऱ्यासमोर गेले.

गोव्याचीही सुटका नव्हती. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानुसार गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. करार १८९२ पर्यंत अमलात होता आणि त्याने तेथील मिठागरांचे मोठे नुकसान केले.

माझ्या आजीचे माहेर वेंगुर्ल्याकडचे, शिरोड्यापासून जवळच. शिरोड्याला आजही मिठागरे आहेत. मे १९३०च्या तेथील मिठाच्या सत्याग्रहाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली होती. आजीच्या आईने ते दिवस पाहिले. आजी सांगते की, तिच्या आईला भाषणांतले फारसे काही आठवत नसे. 'त्या वर्षी मीठ उघड्यावर नेले' एवढेच ती सांगे. मिठावरचा कर अखेर १९४७च्या एप्रिलमध्ये गेला. आजीच्या स्वयंपाकघरात अजूनही खडे मीठ चिनी मातीच्या बरणीत असते आणि ती बरणी रिकामी होऊ दिली जात नाही.

हे सगळे ज्ञान लिहिले कधी गेले? मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' आले. पाठारे प्रभू समाजाच्या स्वयंपाकाची, अर्थात त्यांच्या माशांचीही, ओळख त्यातून छापील मराठीत झाली. म्हणजे सोमेश्वराच्या संस्कृत कृतीनंतर मराठी स्त्रीच्या नावाने माशाची कृती छापील पानावर यायला जवळजवळ आठ शतके लागली. मधल्या काळात ज्ञान नाहीसे झाले नव्हते. ते फक्त कागदावर नव्हते. ईस्ट इंडियन समाजाचा बाटलीतला मसाला घ्या. उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटायचे आणि वर्षभरासाठी बाटल्यांत ठासून भरायचे. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि ते घराबाहेर जात नाही. अशा गोष्टींचे दप्तर कोणत्या अभिलेखागारात शोधणार?

म्हणून मी यंदा आजीला फोन करून सविस्तर लिहून घेतले. मापे काढताना आमचे दोनदा भांडण झाले, कारण 'अंदाजान' यापलीकडे ती जात नव्हती. एका माणसाच्या, अर्ध्या तासाच्या जेवणासाठी निष्पन्न झाले ते असे.

सुरमईच्या बोटभर जाडीच्या दोन तुकड्या, नाहीतर दोन मध्यम बांगडे. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरप्या तीन-चार चिरा द्याव्यात, कारण एवढ्या वेळात मसाला फार खोल जात नाही. अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद, दोन चमचे आगळ; ते नसेल तर तीन-चार आमसुले कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कोळ किंवा अर्धे लिंबू. दहा मिनिटे, फार तर पंधरा. आंबट फार वेळ ठेवले तर मासा वरून पांढुरका आणि भुसभुशीत होतो. आम्ल प्रथिनांना जणू आधीच शिजवू लागते. या दहा मिनिटांत भाताचा कुकर लावून होतो.

मग मला बसलेला सर्वांत मोठा धक्का. मी आजवर मीठ, आंबट, तिखट सारे एकदम कालवून लावत असे. आजी म्हणाली, "आधी मीठ नि आगळ लाव गो, मसालो मगे." मधल्या वेळात सुटलेले पाणी ओतून टाकायचे. ते पाणी म्हणजेच वास. त्यानंतर चार लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर यांचे जाडसर वाटण आणि एक चमचा मालवणी मसाला चोळायचा. आणखी दहा मिनिटे. एक भाग तांदळाचे पीठ आणि दोन भाग बारीक रवा यांत घोळवून, तव्यावर दोन चमचे तेलात मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे. पहिली बाजू स्वतःहून सुटेपर्यंत उलथने लावायचे नाही. बुडवून तळण्यापेक्षा तेल कितीतरी कमी लागते. बांगडा असेल तर हृदयाला उपकारक मानली जाणारी ओमेगा-३ मेदाम्ले त्यात आयतीच असतात. सोबत भात, सोलकढी, कांद्याची चकती.

आता राहते त्या खोलीच्या खाली एक दुचाकीचे गॅरेज आहे. ऑइल आणि पेट्रोल यांच्यापुढे माझ्या बांगड्याचे काही चालत नाही. गेल्या बुधवारी नव्या पद्धतीने, मधले पाणी ओतून मासा केला आणि आजीला फोटो पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला असावा, कारण थोड्या वेळाने उत्तर आले: रवा जास्त झाला.